आधी काटा बघ, मग पोतं चढव

पोरी, येत्या रविवारी तू पहिल्यांदा रेटिंगच्या स्पर्धेला बसणार. ओपनिंग तुला तुझे सर शिकवतात, शेवटचे डाव तू मोबाइलवर घोटतेस. त्यात या आबाला फारसं कळत नाही. मला कळतं ते पटाशेजारच्या डबीतलं, म्हणजे घड्याळातलं. मार्केट यार्डात भुसाराच्या गाळ्यावर मी बत्तीस वर्षं दिवाणजी होतो. रविवारी आमच्या लायनीतले गाळे बंद असले की तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांवर फळी टाकायची आणि ओट्यावरच पट मांडायचा. पलीकडे भाजीबाजारात रविवारची मोठी आवक, टेम्पोंचे हॉर्न, हमालांची ‘बाजू, बाजू’, आणि मध्ये आमचा डाव. तिथे जे डोक्यात बसलं ते तुझ्या कानात घालतो.

आमच्या गाळ्यावर एक तोलणार होते. सगळं यार्ड त्यांना अण्णा म्हणायचं. नवा पोऱ्या वजनाला उभा राहिला की अण्णा त्याला एकच गोष्ट सांगायचे, ‘आधी काटा बघ, मग पोतं चढव.’ काटा शून्यावर आहे का, बारदान वजा धरलंय का, किलोचा दाखवतोय की क्विंटलचा, हे सगळं पोतं खाली असताना विचारायचं. पोतं चढलं, आकडा पुकारला, वहीत गेला, की मग काटा चुकीचा होता म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. अण्णांना बुद्धिबळातलं प्यादंसुद्धा ठाऊक नव्हतं. पण घड्याळाबद्दल त्यांच्याइतकं नेमकं मला कुणी शिकवलं नाही.

माझी फजिती

शिकूनही मी एकदा विसरलो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जलद डावांची स्पर्धा होती, पंधरा मिनिटं अधिक प्रत्येक चालीला दहा सेकंद. मी बसलो, हात मिळवला, खेळायला लागलो. तिसाव्या चालीच्या आसपास हत्तींचा शेवट आला. माझ्याकडे एक प्यादं जास्त आणि घड्याळात सव्वीस सेकंद. मला घाई नव्हती. चार सेकंदांत चाल केली की दहा मिळतात, म्हणजे सहा गाठीला राहतात. अशा दहा साध्या चाली करू, मिनिटभर जमवू आणि मग विचार करू, असा माझा हिशेब.

चार-पाच चाली केल्या, तरी आकडा सव्वीसच. वाढेना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. घड्याळ दहा सेकंद देत नव्हतं, फक्त दहा सेकंद थांबत होतं. लावताना कुणाचा तरी हात शेजारच्या पर्यायावर गेला होता. मी घड्याळ थांबवलं, पंचांना बोलावलं. त्यांनी शांतपणे नियम सांगितला. जलद डावात दोघांच्याही दहा-दहा चाली झाल्या की घड्याळाची मांडणी बदलता येत नाही. स्पर्धेचं वेळापत्रकच कोलमडणार असेल तेवढाच अपवाद. डाव तसाच पुढे चालला. एका चालीला मी खोल गेलो आणि सव्वीस सेकंद संपले. प्यादं जास्त असून हरलो. समोरच्यालाही तेच माप होतं, त्यामुळे अन्याय झाला असंही म्हणता येईना. पोतं चढवल्यावर मी काटा बघितला होता, एवढीच चूक, आणि ती माझी.

वाईट याचं वाटतं की खूण पहिल्या क्षणापासून समोर होती. चालीगणिक वेळ वाढवणारी बहुतेक घड्याळं पहिल्या चालीची भरही आधीच घालून ठेवतात. म्हणजे सुरुवातीला १५:१० दिसायला हवं होतं. दिसत होतं १५:००.

आकडा नको, करार वाच

पडद्यावर पाच मिनिटं दिसतात म्हणजे तुझ्याकडे पाच मिनिटं आहेत, असं समजू नकोस. पन्नास किलो म्हटलं की आम्ही आधी विचारायचो, बारदानासकट की बारदान सोडून? तसंच इथे विचारायचं. ही पाच मिनिटं कुठल्या पद्धतीची? डिजिटल घड्याळात पद्धती पुष्कळ असतात. तुला चार नीट यायला हव्यात.

पहिली सरळ वेळ. तिला ‘सडन डेथ’ म्हणतात. दिलेली वेळ संपली की डाव संपला, वर काही मिळत नाही. चावीच्या घड्याळात हीच एक पद्धत जमायची. १८६१ साली अँडरसन आणि कोलिश वाळूच्या घड्याळावर खेळले. एकाला एक जोडलेली दोन घड्याळं १८८३च्या लंडनच्या स्पर्धेत आली. त्यानंतर शंभर वर्षं जगभर टिकटिक चालली, पण रोग तोच राहिला. जिंकलेला डाव हातात असून माणूस सोंगट्या हलवायला वेळ नाही म्हणून हरायचा.

दुसरी फिशरची. बॉबी फिशरने या रोगावर औषध काढलं आणि १९८९ साली अमेरिकेत त्याचं पेटंट मिळवलं. प्रत्येक चालीला ठरावीक सेकंद तुझ्या खात्यात जमा. भरवशाचा दुकानदार माप भरल्यावर वर मूठभर घालतो ना, तसं. लवकर खेळलीस तर ती मूठ साठत जाते. यालाच सगळे ‘इन्क्रिमेंट’ म्हणतात आणि आपल्याकडच्या स्पर्धांत तुला बहुतेक हीच भेटेल.

तिसरी ‘डिले’. अमेरिकेत तिची सवय जुनी आहे. तुझी पाळी आली की घड्याळ आधी ठरावीक सेकंद गप्प बसतं, मग मोजायला लागतं. म्हणजे बारदान आधीच वजा. तेवढ्या सेकंदांच्या आत खेळलीस तर काही कापलं जात नाही, पण काही साठतही नाही.

चौथी ब्रॉन्स्टाइनची. हा डेव्हिड ब्रॉन्स्टाइन १९५१ साली जगज्जेतेपदासाठी बॉटविनिकशी १२-१२ असा बरोबरीत राहिलेला. त्याच्या पद्धतीत घड्याळ लगेच पळायला लागतं, आणि चाल झाल्यावर तू वापरलेला वेळ परत करतं, पण ठरलेल्या सेकंदांपुरताच. आधी खिशातून काढून घ्यायचे, मग हिशेबात जमा करायचे.

आता वहीवर मांडून बघ. घड्याळात दहा सेकंद आहेत आणि सवलत पाच सेकंदांची. तू तीन सेकंदांत चाल केलीस. सरळ वेळेत सात उरले. फिशरमध्ये बारा झाले. डिलेमध्ये दहाचे दहा. ब्रॉन्स्टाइनमध्ये सातापर्यंत उतरून पुन्हा दहा. आता आठ सेकंद लावलेस असं धर. सरळ वेळेत दोन उरले, बाकी तिन्हींत सात. इथपर्यंत डिले आणि ब्रॉन्स्टाइन सख्खे भाऊ वाटतात. पण बारा सेकंद लावून बघ. फिशर आणि ब्रॉन्स्टाइन दोन्हींत दहाव्या सेकंदाला फ्लॅग पडला, म्हणजे वेळ संपली, कारण भर चाल झाल्यावर मिळते, आधी नाही. डिलेमध्ये मात्र पाच फुकट गेले, सात कापले आणि तीन शिल्लक आहेत. आकडा चारही घड्याळांत दहाच होता, बघ.

घड्याळ कुठल्या पद्धतीवर लावलंय हे ओळखायची सोपी खूण सांगतो. घरी दोन्ही बाजू एकेकदा पटकन दाबून बघ. आकडा वाढला तर फिशर. काही क्षण थबकला तर डिले. पळाला आणि दाबल्यावर मागे आला तर ब्रॉन्स्टाइन. नुसताच पळत राहिला तर सरळ वेळ. पाच मिनिटांचं काम आहे, पण एकदा डोळ्यांना सवय झाली की डावाच्या दुसऱ्या-तिसऱ्या चालीलाच तुला कळेल.

घड्याळात आणखीही प्रकार सापडतील. एकाचा वेळ गेला की तेवढा दुसऱ्याचा वाढतो, ते वाळूच्या घड्याळासारखं. आमच्या जुन्या तागडीसारखं, एक पारडं खाली तर दुसरं वर. एक स्क्रॅबलचं असतं. त्यात वेळ संपली तरी खेळ थांबत नाही, घड्याळ उणे मोजत जातं आणि जास्तीच्या मिनिटाला दहा गुण कापतात. गंमत म्हणून लावून बघ, पण स्पर्धेच्या आदल्या रात्री त्यांच्या नादी लागू नकोस.

साठ चालींचं गणित

स्पर्धेच्या पत्रकावर ९० + ३० असं लिहिलेलं असतं. यातलं पहिलं मिनिटांत, दुसरं सेकंदांत. डाव साठ चालींचा धरायचा. साठ चालींना तीस-तीस सेकंद म्हणजे अर्धा तास. नव्वद आणि तीस मिळून तुझे दोन तास झाले, समोरच्याचेही दोन. म्हणजे डबा आणि पाण्याची बाटली चार तासांच्या हिशेबाने घ्यायची. १५ + १० म्हणजे याच हिशेबाने पंचवीस मिनिटं. ३ + २ म्हणजे पाच. जागतिक संघटना, फिडे, हेच साठ चालींचं गणित धरते. दहा मिनिटांपर्यंत ब्लिट्झ, दहाच्या वर आणि साठच्या आत रॅपिड, साठ किंवा वर क्लासिकल.

घड्याळ बदललं की डावाची जातच बदलते. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली बाटुमीला महिलांचा विश्वचषक खेळली. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी, जिने त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथे पुण्यात महिलांची ग्रां प्री जिंकलेली. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डाव लागले आणि दिव्याने दीड विरुद्ध अर्ध्या गुणाने बाजी मारली. त्या दोघीच, पट तोच, फक्त घड्याळ वेगळं.

आणि करार एकाच डावातसुद्धा बदलतो. २०२४ साली सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या लढतीत पहिल्या चाळीस चालींना दोन तास होते आणि त्यांत एका सेकंदाचीही भर नव्हती. पुढच्या अर्ध्या तासाबरोबर एक्केचाळिसाव्या चालीपासून तीस सेकंदांची भर सुरू. हे आधी वाचलं नसेल तर अडतिसाव्या चालीला माणूस मिळणार नसलेल्या सेकंदांवर विसंबून बसेल, जसा मी बसलो.

बसण्याआधी

स्पर्धेत लावून ठेवलेल्या घड्याळाला स्वतः हात घालायचा नाही. बघायचं, आणि शंका आली तर पंचांना विचारायचं. विचारण्यात कमीपणा नाही. तोलणाराला काटा दाखव म्हणणारा शेतकरी भांडखोर ठरत नाही.

बघायचं ते एवढंच. पांढऱ्याची खूण पांढऱ्याच्या बाजूला आहे का. दोन्हीकडे सारखा वेळ आहे का. बॅटरी उतरल्याचं चिन्ह दिसतंय का. आणि वेळ वाचता येतेय का, कारण इथे एक चकवा आहे. काही घड्याळं वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ असेपर्यंत तास आणि मिनिटंच दाखवतात, त्याखाली गेलं की मिनिटं आणि सेकंद. म्हणजे १:२५ हा आकडा डावाच्या सुरुवातीला एक तास पंचवीस मिनिटांचा, आणि शेवटी एक मिनिट पंचवीस सेकंदांचा. घाबरलेल्या डोळ्यांना यातला फरक दिसत नाही, म्हणून शांत असतानाच बघून ठेव.

घड्याळ कुठल्या हाताला ठेवायचं ते पंच ठरवतात. त्यांना एका रांगेत उभं राहून सगळी घड्याळं दिसायला हवीत, म्हणून तुझं घड्याळ डाव्या हाताला येऊ शकतं. घरी दोन्हीकडे ठेवून सराव कर. आणि वेळेवर जा. ठरलेली वेळ झाली की पांढऱ्याचं घड्याळ सुरू होतं, खुर्ची रिकामी असली तरी. गंगाधाम चौकातली गर्दी पंचांना सांगून उपयोग नाही.

हाताची शिस्त

चाल ज्या हाताने, घड्याळही त्याच हाताने. कॅसलिंग करताना एका हाताने राजा, दुसऱ्याने हत्ती, असं करून घड्याळ दाबलंस तर ती नियमबाह्य चाल धरतात. चाल न करता नुसतं घड्याळ दाबलंस तरी तेच. मोठ्या डावात अशा पहिल्या चुकीला समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, ब्लिट्झमध्ये एक मिनिट, आणि दुसऱ्या चुकीला साधारणपणे डावच जातो. घड्याळावर बोट ठेवून बसायचं नाही, त्यावर हात तरंगत ठेवायचा नाही, आपटायचं तर नाहीच. आमच्या ओट्यावर एक जण चाल केली की घड्याळावर असा हात मारायचा की शेजारच्या गाळ्यातलं मांजर उठायचं. चाल मात्र त्याची त्यामुळे कधी चांगली झाली नाही.

क्रम पाठ कर: खेळ, दाब, लिही. चाल करून दाबायचं आणि मग कागदावर लिहायचं. आधी लिहून मग खेळायचं नाही, त्याला परवानगी नाही. आणि आधी लिहून मग दाबलंस तर तुझ्याच वेळात लिहीत बसलीस. तीस सेकंदांची भर असेल तर शेवटच्या चालीपर्यंत लिहावंच लागतं. भर त्याहून कमी असेल आणि तुझ्याकडे पाच मिनिटांहून कमी वेळ उरला असेल, तरच लिहिण्यातून सुटका.

नव्या पोरांची सगळ्यात मोठी गळती एकच, घड्याळ दाबायला विसरणं. चांगली चाल सापडली की ती बघत बसतात. इकडे स्वतःचाच वेळ पळतो आणि इन्क्रिमेंटही जमा होत नाही, कारण ते दाबल्यावरच मिळतं. समोरचा विसरला तर त्याला आठवण करून द्यायची की नाही, ते तुझं तू ठरव. नियमाने तुझ्यावर तसं बंधन नाही. मी देतो.

चाली घड्याळाला मोजू देऊ नकोस

मोठ्या स्पर्धेत कधी चाळीस चालींना नव्वद मिनिटं आणि पुढे आणखी तीस, असं असतं. हे तीस बहुधा पहिला वेळ शून्यावर आला की घड्याळ आपोआप घालतं. आकडा शून्यावरून एकदम वाढलेला बघून हायसं वाटतं, पण तुझ्या चाली एकोणचाळीसच झाल्या असतील तर तू हरलेली असतेस. काही घड्याळं चाली मोजतात, पण कुणी एकदा दाबायला विसरलं की ती मोजणी चुकली. तुझी मोजणी तुझ्या कागदावर. चाळिसावी चाल झाली असं वाटलं तरी वेळ असेल तर एक जास्त करून मगच श्वास सोड.

थांबवायला लाजू नकोस

काहीतरी बिघडलं, समोरच्याने नियमबाह्य चाल केली, प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि वजीर जवळ नाही, किंवा घड्याळाची मांडणीच चुकीची दिसली, तर मधली कळ दाबून घड्याळ थांबव आणि हात वर कर. तो तुझा हक्क आहे. पण वेळ कमी आहे म्हणून, विचार करायला म्हणून थांबवायचं नाही. ते पंचांना कळतं.

समोरच्याची वेळ संपली तर पंच बघतील म्हणून वाट पाहू नकोस. घड्याळ थांबव आणि ‘फ्लॅग’ म्हण, ओरडायचं नाही. तुझीच वेळ संपली तर लगेच सही करू नकोस, आधी पट बघ. समोरच्याकडे नुसता राजा उरला असेल तर तुझी वेळ संपूनही डाव बरोबरीत सुटतो, कारण त्याला कुठल्याच चालींनी मात देता येणार नाही. हा अर्धा गुण मी दोन पोरांना सोडून जाताना पाहिलाय.

आता शेवटचं. नव्वद मिनिटांच्या डावात पंधराव्या चालीला तुझ्याकडे तासाच्या वर वेळ हवा. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, माझा ठोकताळा आहे. त्यापेक्षा कमी असेल तर तू विचार करत नाहीस, घाबरून बसली आहेस असं समज आणि साधी चाल कर.

घड्याळ कपाटातून काढून ठेवलंय, सेल नवे घातलेत. शनिवारी संध्याकाळी घरी ये. ३ + २चे दहा डाव खेळू, पाच डाव्या हाताला घड्याळ ठेवून, पाच उजव्या. त्यातल्या एका डावात मी मुद्दाम चुकीची पद्धत लावून ठेवणार आहे. कुठल्या, ते पहिल्या चालीआधी तुला ओळखायचंय.